एका पातेल्याची कैफियत

पाकशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या मंडळींनी ज्या पदार्थांना आपल्या दफ्तरात मुळी जागाच दिली नाही, त्यांत अमेरिकेतल्या सामान्य घरांतून गेली शंभरएक वर्षे रात्रीच्या जेवणासाठी शिजत आलेल्या, गोमांसाचा खिमा आणि मॅकरोनी एकाच भांड्यात घालून केलेल्या पदार्थाचा क्रम बराच वरचा लागेल. न्यू इंग्लंडमध्ये त्याला ‘अमेरिकन चॉप सुई’ म्हणतात. मध्यपश्चिमेतल्या राज्यांत तोच ‘गुलाश’ होतो. आणि ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, वर चीज पसरून भट्टीत भाजलेल्या त्याच्या एका भावंडाला ‘जॉनी मार्झेट्टी’ असे नाव आहे, जे तेरेसा मार्झेट्टी ह्या इटालियन बाईंनी १८९६ साली तेथे काढलेल्या उपाहारगृहाशी जोडले जाते. पहिल्या नावातल्या चीनचा ह्या पदार्थाशी सुतराम संबंध नाही, दुसऱ्यातली हंगेरी चिमूटभर पाप्रिकापुरती उरलेली आहे, आणि तिसऱ्यातल्या इटलीला विचारले तर ती हे अपत्य आपले म्हणून कबूल करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. इतकी नावे धारण करूनही ज्याला कुळ नाही, अशा पदार्थाची उपेक्षा झाली ह्यात नवल नसले, तरी ती न्याय्य होती असे मला वाटत नाही. सबब त्याचे वकीलपत्र घेऊन चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे.

आरोप दोन आहेत. इटालियन परंपरेचे अभिमानी म्हणतात, की पास्ता हा भरपूर उकळत्या, खारट पाण्यात स्वतंत्रपणे शिजवून, निथळून मगच रश्श्यात घालावयाचा असतो, आणि जो तो रश्श्यातच शिजवतो त्याला पास्त्याचे मर्मच कळलेले नाही. उपाहारगृहांच्या संस्कारात वाढलेले रसिक त्याहून पुढे जाऊन म्हणतात, की ही पाकसिद्धीच नव्हे. कचेरीतून दमून आलेल्या माणसाने भांडी घासण्याचा कंटाळा म्हणून शोधून काढलेली ती एक पळवाट आहे. ह्यांपैकी पहिला आरोप अपुऱ्या माहितीवर उभा आहे आणि दुसऱ्याने वस्तुस्थिती सपशेल उलटी केली आहे, असे माझे म्हणणे आहे. मांस आणि पास्ता एका भांड्यात नीट शिजवावयास दोन भांड्यांपेक्षा अधिक अवधान लागते, कारण दोन भांड्यांत एकीकडची चूक दुसरीकडे सावरून घेता येते, जास्तीचे पाणी मोरीत ओतून देता येते. एका भांड्यात मात्र जे घातले ते शेवटपर्यंत ताटात यावयाचे असते, आणि म्हणून प्रत्येक पेला पाण्याचा हिशेब आधी करून ठेवावा लागतो.

हा पदार्थ अमुक एका घरी, अमुक एका दिवशी जन्मला असे दाखवून देता येत नाही. तो ज्या परिस्थितीत वाढला ती मात्र स्वच्छ दिसते. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन ह्यांनी १७८७ च्या सुमारास मॅकरोनी पाडण्याच्या यंत्राची आकृती स्वहस्ते काढून ठेवली होती, म्हणजे त्या काळी ही वस्तू तेथे मातब्बरांच्या कुतूहलाचा विषय होती. सामान्यांच्या चुलीपर्यंत ती पोहोचली ती दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेल्या लक्षावधी लोकांच्या मागोमाग, आणि अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या मार्क कार्लटन ह्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातून आणलेला कठीण दाण्याचा दुरुम गहू डाकोटाच्या कोरड्या मैदानांत रुजल्यावर. पहिल्या महायुद्धात इटलीहून येणारी जहाजे बंद पडली आणि देशी कारखान्यांचे फावले. दुसऱ्या अंगाने, शिकागोच्या प्रचंड गुरेबाजारातून बर्फाच्या रेल्वेडब्यांनी गावोगाव जाणारे गोमांस स्वस्त झाले होते, आणि खाटकाकडे उरणारे चामट, आडवेतिडवे तुकडे यंत्रातून काढून खिमा म्हणून विकणे हा सर्वत्र शिरस्ता झाला होता. त्यांत डबाबंद टोमॅटोची भर पडली. कोठीतले मॅकरोनीचे पुडके, खाटकाकडचा सर्वांत स्वस्त खिमा आणि फळीवरचा टोमॅटोचा डबा ह्या तिघांची गाठ पडली तेव्हा कोणा बल्लवाचार्याची गरज उरली नव्हती; ते काम गृहिणीने चुलीपाशी उभ्या उभ्या केले.

मग १९२९ नंतरची मंदी आली, त्यापाठोपाठ दुसरे महायुद्ध आले, आणि मार्च १९४३ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत अमेरिकेसारख्या सुबत्तेच्या देशातही मांसाला शिधापत्रिका लागू होती. अर्धा किलो मांसात सहा माणसांचे पोट भरावयाचे, आणि भरले असे त्यांना वाटावयासही हवे, हा प्रश्न ज्या घरापुढे दर आठवड्याला उभा राहतो त्या घरात मॅकरोनी ही मांसाची जोडीदारीण राहत नाही. ती मांसाची चव स्वतःत मुरवून घेऊन त्याची व्याप्ती वाढवणारी वस्तू होते. वेगळ्या पाण्यात शिजवलेली मॅकरोनी हे काम करू शकत नाही, कारण ती आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते. कोरडी मॅकरोनी रश्श्यात टाकली म्हणजे ती जे शोषते ते मांसाचे आणि टोमॅटोचे सार असते. शिधापत्रिकेच्या काळातल्या बाईला हे रसायनशास्त्रातून नव्हे, तर ताटे रिकामी होताना पाहून कळले असले पाहिजे.

ह्या घरगुती शहाणपणाचे पुढे काय झाले ही कथा उद्बोधक आहे. १९७१ साली जनरल मिल्स ह्या कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचे एक खोके देशभर विकावयास काढले. खोक्यात सुकी मॅकरोनी आणि मसाल्याच्या भुकटीची एक पुडी. मांस गिऱ्हाइकाने आपले आणावयाचे, पाणी नळाचे. मांसाचे भाव तेव्हा चढणीला लागले होते, आणि १९७३ च्या वसंतात ते इतके भडकले, की राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांना मांसाच्या किमतींवर मर्यादा घालणारे फर्मान काढावे लागले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देशभरच्या गृहिणींनी मांसावर बहिष्कार पुकारला. अशा मोसमात ते खोके न खपते तरच आश्चर्य. त्यावर नाव होते बेटी क्रॉकर हिचे. आणि बेटी क्रॉकर ही बाई कधी अस्तित्वातच नव्हती. गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकविषयक पत्रांना उत्तरे देण्यासाठी मिनियापोलिसच्या एका पीठगिरणी कंपनीने १९२१ मध्ये हे नाव निर्माण केले, आणि तिची कीर्ती एवढी वाढली की १९४५ साली ‘फॉर्च्युन’ मासिकाने एलेनॉर रूझवेल्ट ह्यांच्या खालोखाल लोकप्रिय स्त्री म्हणून तिची गणना केली. ज्या बायांनी मंदीत आणि युद्धात स्वतःच्या अकलेने जे शिजवले, तेच त्यांच्या लेकीसुनांना एका काल्पनिक बाईच्या सहीने विकत घ्यावे लागले, ह्याला व्यापारी कौशल्य म्हणावयाचे तर अवश्य म्हणावे.

येथे कोणी मला असे विचारील, की नोकरी करून सहा वाजता घरी येणाऱ्या बाईला त्या खोक्याने थोडा विसावा दिला असेल तर आपले काय बिघडले? काहीच नाही. माझी तक्रार विसाव्याविषयी नाही, हिशेबाविषयी आहे. खोक्यातल्या पुडीत होते काय, तर मीठ, वाळवलेल्या कांदा-टोमॅटोचे चूर्ण, रस दाट व्हावा म्हणून घातलेला स्टार्च आणि असेच काही. ह्यांतला जो स्टार्च पैसे मोजून घेतला, तो मॅकरोनी रश्श्यातच शिजत असल्यामुळे आपोआप, फुकट, मुबलक मिळतच होता. मोरीत ओतून न दिलेल्या पाण्याची किंमत एकदा कळली, की त्या पुडीचे सारे ऐश्वर्य उघडे पडते. पुडीने वाचवलेला वेळ फार तर एक कांदा चिरण्याइतका असतो, आणि तिने जो खरा घात केला तो असा, की मांस तपकिरी होईपर्यंत परतण्याची जी एकमेव गोष्ट ह्या पदार्थाला पदार्थ बनवते, ती गाळूनही चव येते असा समज तिने दोन पिढ्यांच्या मनात बसवून दिला.

इटालियन अभिमान्यांच्या आरोपाचे उत्तर इटलीतूनच द्यावे हे बरे. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हा तेथला नियम खोटा नाही. ज्या पास्त्यावर नाजूक, वेगळा सिद्ध केलेला रस वाढावयाचा त्याला तो लागू आहे. पण त्याच देशात नेपल्सच्या बाजूला पास्ता आणि बटाटे एकाच भांड्यात, थोड्या पाण्यात, घोटून घट्ट होईपर्यंत शिजवतात. पावटावर्गीय दाण्यांबरोबर पास्ता त्याच रश्श्यात शिजवण्याची चाल तर खेड्यापाड्यांत सर्रास आहे. स्पेनमध्ये शेवयांसारखे फिदेओ मांसाच्या किंवा माशांच्या रश्श्यातच शिजतात, आणि ग्रीसमध्ये ‘युवेत्सी’ म्हणून जो पदार्थ करतात त्यात गोमांसाचे तुकडे आणि तांदळाच्या आकाराचा पास्ता टोमॅटोच्या रसात मातीच्या एकाच भांड्यात भट्टीतून निघतात. हंगेरीच्या अस्सल गुलाशच्या पातळ रश्श्यातही चिमटीने तोडलेले कणकेचे बारीक गोळे थेट सोडण्याची पद्धत आहे, म्हणजे ज्या नावाची अमेरिकेने विटंबना केली असे म्हणतात, त्याच्या माहेरी पिठाचा पदार्थ रश्श्यातच शिजतो. नियम एका प्रांताचा असतो आणि त्याचा अभिमान मात्र साऱ्या जगाला लागू करण्यात येतो, हा पाकशास्त्रातला जुना मामला आहे.

शुद्धतेचा म्हणून जो दाखला वारंवार पुढे करण्यात येतो, तो बोलोन्याच्या ‘रागू’चा, म्हणजे पास्त्याबरोबरच्या मांसाच्या रश्श्याचा. त्याची अधिकृत कृती इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात रीतसर दाखल केली, आणि २०२३ साली तिच्यात दुरुस्ती केली. मात्र तीच कृती १८९१ मध्ये पेल्लेग्रीनो आर्तूझी ह्यांनी पदरचे पैसे खर्चून छापलेल्या आणि पुढे इटलीच्या घरोघरी पोहोचलेल्या ग्रंथात पाहावी, तर तेथे वासराचे मांस आहे आणि टोमॅटोचा मागमूस नाही. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने ओहायोच्या गृहिणीस दंड करावयाचा, ती परंपरा स्वतः शंभर वर्षांत टोमॅटोने लाल झाली. ह्यात इटलीचा उपमर्द नाही. जिवंत स्वयंपाक असाच बदलत असतो. मग जी मुभा बोलोन्याला, ती कोलंबसला का नसावी?

पाण्याच्या प्रमाणाचा प्रश्नही आता पूर्वीइतका धर्मसंकटाचा राहिलेला नाही. अन्नातल्या विज्ञानावर लिहिणारे हॅरल्ड मॅगी ह्यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये थोड्या पाण्यात, किंबहुना थंड पाण्यापासून सुरुवात करूनही पास्ता उत्तम शिजतो असे प्रयोगाने दाखवले होते, आणि जून २०१३ मध्ये मार्था स्ट्युअर्ट ह्यांच्या मासिकात लिंग्विनी पास्ता, टोमॅटो, कांदा, तुळशीच्या कुळातला बेझिल आणि पाणी हे सारे एकदम एका पातेल्यात घालून चुलीवर चढवण्याची कृती आली, तेव्हा नव्या युगाचा शोध लागल्यासारखी ती गाजली. ती कृती गाजली ह्याचे मला वाईट वाटत नाही. ज्या आज्या-पणज्यांनी तेच शिजवले त्यांना मात्र कोणी मासिकात जागा दिली नव्हती, एवढे नमूद करून ठेवतो.

आता प्रत्यक्ष चुलीकडे वळतो, कारण वकिली कितीही केली तरी निवाडा अखेर भांड्यातच व्हावयाचा. भांडे जाड बुडाचे हवे. बिडाचे, झाकणाचे, रुंद तोंडाचे मिळाले तर उत्तमच. चार माणसांना पुरेल असा मेळ म्हणजे पाचशे ग्रॅम खिमा, अडीचशे ग्रॅम मॅकरोनी, दोन कांदे, चारपाच लसूणपाकळ्या, चारशे ग्रॅमचा टोमॅटोचा डबा, दोन चमचे आटवलेला टोमॅटो आणि सुमारे सहाशे मिलिलिटर पाणी किंवा हाडांचा रस्सा. खिमा फार कोरडा घेऊ नये. पाचवा हिस्सा चरबी असलेला घ्यावा, नाहीतर पुढे सारा पदार्थ भुशासारखा लागतो. भांडे चांगले तापल्यावर खिमा पसरून घालावा आणि त्याला हात लावू नये. बहुतेकांचे पाऊल येथेच घसरते. ते डाव घेऊन लगेच ढवळावयास लागतात, खिम्याला पाणी सुटते, आणि मांस आपल्याच पाण्यात उकडून राखाडी होते. त्या पाण्याला आटू द्यावे लागते, कारण पाणी असेपर्यंत भांड्यातली उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही आणि ज्या क्रियेने मांसाला भाजल्याचा रंग व वास येतो, जिचे वर्णन लुई-कामिय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले, ती त्याहून बऱ्याच वरच्या उष्णतेला जोमाने होते. डोळ्यांपेक्षा कानाने हे लवकर कळते: आधीचा उकळीचा मऊ खदखदाट संपून चरबीचा कोरडा, तडतडता आवाज सुरू झाला, की मग खिमा उलटावा. बुडाला जो तपकिरी थर चिकटतो तो पाहून घाबरू नये; करपला नाही तोवर तेच ह्या जेवणाचे भांडवल आहे.

त्याच चरबीत कांदा घालावा, तो सुटलेल्या पाण्याने बुडाचा थर सोडवू लागतो. लसूण, चिमूटभर मिरपूड, हवी असल्यास पाप्रिका. मग आटवलेला टोमॅटो घालून त्याचा कच्चा लाल रंग विटकरीकडे झुकेपर्यंत परतावे. ह्यानंतर डब्यातला टोमॅटो आणि पाणी. मीठ येथे बेताने, कारण रस आटणार आहे आणि मीठ आटत नाही. ही सामग्री दहापंधरा मिनिटे झाकून उकळली, की मॅकरोनी घालण्याची वेळ येते, आणि तेव्हा रस पाहून मन कच्चे होते, कारण तो पातळ दिसतो, दिसावयासच हवा. कोरड्या मॅकरोनीला आपल्या वजनाहून थोडे अधिक पाणी पिऊन टाकावयाचे असते, वाफेने काही जाते, आणि उरलेल्यात तिच्यातून सुटलेला स्टार्च विरघळून रस दाट होतो. आणखी एक सावधगिरी: टोमॅटोच्या आंबट रसात पास्ता साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो, तेव्हा पुडक्यावर छापलेल्या मिनिटांवर विसंबू नये, दर मिनिटादोन मिनिटांनी तळापासून हलवून एखादी मॅकरोनी दाताखाली पाहावी. ढवळण्यात आळस केला तर स्टार्च बुडाला बसतो आणि लागतो; मग त्या वासावर कोणतेही चीज उपाय करू शकत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणगावात काही काळ वास्तव्य घडले, तेव्हा शेजारच्या एका वयोवृद्ध बाईंना हा पदार्थ करताना पाहण्याचा योग आला होता. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते, मापाचा पेलाही नव्हता. लाकडी डाव त्या भांड्याच्या बुडावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढीत. डावामागे बूड उघडे पडे, आणि ती वाट क्षणभर तशीच राहून मग दोन्ही बाजूंनी रस सावकाश मिटला, की त्या चूल बंद करून झाकण ठेवीत आणि दहा मिनिटे कोणाला भांड्यापाशी फिरकू देत नसत. वाट लगेच बुजली तर रस पातळ, बुजलीच नाही तर उशीर झाला. मॅकरोनी त्या वेळी थोडी करकरीत असे, ती झाकणाखालच्या वाफेत पुरी होई. मला नंतर पुस्तकांतून जे कळले त्यातले फारच थोडे त्या बाईंच्या डावाला ठाऊक नव्हते.

खिम्याऐवजी मांसाचे तुकडे घेण्याची इच्छा असेल, तर गुराच्या खांद्याचे मांस घ्यावे, कारण त्यातल्या चिवट तंतूंचे मंद आचेवर दोन-अडीच तासांत सरसासारखे मऊ द्रव्य होते आणि तेच रसाला अंग देते. पण मॅकरोनी तेव्हाही शेवटच्या पाव तासातच घालावयाची. ‘एका भांड्यात, वीस मिनिटांत’ अशी जाहिरात करून कृतीमध्ये हळूच ‘आधी शिजवलेला पास्ता’ आणि ‘आधी परतलेले मांस’ मागणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. ती दोन भांडी कोणाच्या मोरीत गेली, हे ते सांगत नाहीत.

मराठी वाचकाला ह्या साऱ्यात अपरिचित असे फारसे काही वाटण्याचे कारण नाही. उकळत्या वरणात कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे सोडून आपल्याकडे वरणफळे किंवा चकोल्या करतात, त्यात नेमका हाच न्याय चालतो. कणीक वरणाची चव पिते आणि वरण कणकेने दाटते. चकोल्या आधी वेगळ्या पाण्यात उकडून, निथळून मग वरणात घालाव्यात असे कोणी सुचवले, तर आपल्या घरातली वडीलधारी बाई त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहील, ह्याची कल्पना करावी. दुरुम गहूही आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात बन्सी म्हणून जो कठीण, पिवळसर दाण्याचा गहू शेवयांसाठी आणि रव्यासाठी पूर्वापार नावाजलेला आहे, तो त्याच जातीचा, आणि न मोडता, न चिकटता शिजण्याचा जो गुण शेवयांना त्याच्यामुळे येतो, तोच मॅकरोनीला रश्श्यात टिकवून धरतो. साध्या मैद्याची स्वस्त मॅकरोनी ह्या कामी कुचकामी ठरते, ती विरघळून लापशी होते. खरेदी करताना पुडक्यावर दुरुमचा रवा लिहिलेला आहे की नाही एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले.

राहता राहिला मांसाचा प्रश्न, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू ह्यांच्याही कत्तलीस कायद्याने बंदी आहे. परराज्यातून रीतसर आणलेले मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्दबातल केले, तरी मूळची बंदी कायम आहे. म्हणून मुंबईच्या बाजारात ‘मोठ्याचे’ म्हणून जे आज उघडपणे मिळते ते म्हशीचे मांस असते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बीफ ही नित्याची वस्तू आहे, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ह्या बाबतीत घरागणिक निराळा रिवाज दिसतो. एकाच छपराखाली बापाने वर्ज्य मानलेली गोष्ट मुलगा शाळेच्या भोजनगृहात खातो, आणि दोघेही त्याचा बभ्रा करीत नाहीत. ज्याला जे वर्ज्य ते त्याने वर्ज्य ठेवावे, त्यासाठी त्याला कोणापुढे कैफियत द्यावी लागू नये. आणि ज्याला वर्ज्य नाही त्यालाही लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हशीच्या मांसाने हा पदार्थ करावयाचा तर ते अधिक काळसर आणि कमी चरबीचे असते हे ध्यानात घेऊन दोन चमचे तेल किंवा लोणी जास्त घालावे, आणि टोमॅटो व पाणी घातल्यावर पंधराऐवजी तीस-चाळीस मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. बोकडाच्या खिम्याने केला तरी पाण्याचा हिशेब तोच राहतो. स्वाद अर्थातच निराळा येतो, आणि तेव्हा मला पाप्रिकापेक्षा थोडी जिरेपूड बरी वाटते, ह्यावर कोणी इटालियन मनुष्य रुष्ट झाला तरी.

चीज वरून घालावे की नाही हा वाद मी सोडून देतो. घालणाऱ्याने चूल बंद केल्यावर घालावे म्हणजे त्याचे दोरे होत नाहीत. उरलेल्या अन्नाचे मात्र सांगितले पाहिजे, कारण हा पदार्थ उरण्यासाठीच केला जातो असे अमेरिकेतल्या कित्येक घरांत मानतात. दोन तासांच्या आत तो शीतकपाटात गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मांस आणि टोमॅटो एकमेकांत मुरून आदल्या रात्रीपेक्षा सरस लागतात, पण मॅकरोनीने तोवर उरलासुरला रस पिऊन टाकलेला असतो आणि थंडीने तिच्यातला स्टार्च कडक झालेला असतो, म्हणून गरम करताना अर्धा पेला पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर सैल करून घ्यावे लागते. दोन दिवस पुरवावयाचे हे आधीच ठरलेले असेल, तर खिम्याचा रस्सा दुप्पट करावा, त्यातला अर्धा मॅकरोनी घालण्यापूर्वी काढून ठेवावा, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच पातेल्यात, नव्या पाण्यासह, नवी मॅकरोनी सोडावी.